पुढे बसू का?

लोहगाव विमानतळाबाहेर आलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. बॅगा डिकीत टाकल्या आणि सवयीने ड्रायव्हरच्या शेजारचा दरवाजा उघडला. तो थबकून माझ्याकडे बघत राहिला.

"मागं बसा की साहेब, ऐसपैस."

"पुढे बसू का? चालेल?"

"चालेल काय, बरंच आहे. रातच्याला माणूस डोळ्यासमोर असलेला बरा."

गडी परांड्याचा होता, चार वर्षांपासून पुण्यात गाडी चालवतो. येरवडा मागे पडेपर्यंत त्याने मला मेलबर्नमधले पगार, घरभाडं, पेट्रोल सगळं विचारून घेतलं. मीही तिथे टॅक्सी चालवलीय म्हटल्यावर मात्र त्याने गाडी जरा हळू केली. "तुम्ही? मग तुम्हाला ठाऊकच आहे. मागं बसलेला गप्प असला की मानेला घाम येतो."

ऑस्ट्रेलियात एकटा माणूस टॅक्सीत बहुतेक वेळा पुढेच बसतो. मागे बसणं म्हणजे ड्रायव्हरला नोकरासारखं वागवणं, असं तिथल्या जुन्या मंडळींना वाटतं. मी 2007 मध्ये विद्यार्थी म्हणून गेलो. व्हिसावर आठवड्याला वीस तास कामाची मुभा आणि फी मात्र डोळे पांढरे करणारी. आपली निम्मी पोरं तेव्हा टॅक्सीवर होती. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला गाडी हातातून हातात जायची, त्याला चेंजओव्हर म्हणायचे. मीटरवर जमेल त्यातलं निम्मं गाडीमालकाचं, निम्मं आपलं. हे निम्मं-निम्मं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रात्रपाळीत कान तयार होतात. दार लागलं की पट्ट्याचा 'टक' आवाज यायला हवा. ज्याला मुक्कामाला पोचल्यावर पैसे न देता पळायचंय तो पट्टा लावत नाही, आणि ज्याच्या मनात त्याहून वाईट आहे तोही नाही. हे मला एका पंजाबी सीनियरने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

अशाच एका रात्री मेलबर्नच्या किंग स्ट्रीटवर दोन पोरं बसली. पुढच्याचा पट्टा वाजला. मागचा बरोबर माझ्या पाठीशी बसला आणि आवाज आलाच नाही. मला तेव्हाच कळलं होतं. तरी गाडी पुढे घेतली, कारण तासभर भाडं नव्हतं. मग सुरू झालं 'नेक्स्ट लेफ्ट, मेट, नेक्स्ट लेफ्ट'. घरं संपली, गोदामं लागली, दिवे विरळ झाले. सीटच्या वरून एक हात आला आणि कानाखाली काहीतरी गार टेकलं. ते काय होतं, मी शेवटपर्यंत पाहिलं नाही. डॅशबोर्डखाली लपवलेलं धोक्याचं बटण गुडघ्यापासून वीतभर लांब होतं, पण पाय हलला नाही. एकशेऐंशी डॉलर गेले. जाताना त्यांनी किल्ली गवतात भिरकावली, ती मी मोबाइलच्या स्क्रीनच्या उजेडात वीस मिनिटं रांगत शोधली.

माझं एवढ्यावर भागलं. सगळ्यांचं भागत नाही. अमेरिकेत कामगार सुरक्षेचं जे सरकारी खातं आहे, त्याच्या एका पत्रकात म्हटलंय की कामावर असताना खून होण्याचा धोका टॅक्सीवाल्याला इतर कामगारांपेक्षा 20 पटींहून जास्त असतो. रोकड, रात्र, एकटेपणा, अनोळखी माणूस आणि तो सांगेल तिथे गाडी नेण्याची सक्ती, हे सगळं दुसऱ्या कुठल्या धंद्यात एका जागी येतं? न्यूयॉर्कमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला असे खून वर्षाला डझनांनी होत. त्यातले बहुतेक पिवळ्या टॅक्सीवाले नव्हते. फोन करून बोलावल्या जाणाऱ्या, गरीब वस्त्यांत फिरणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर होते.

मेलबर्नमध्ये एप्रिल 2008 च्या शेवटी एका भारतीय विद्यार्थी ड्रायव्हरला रात्री भोसकलं. तो वाचला. पण त्या संध्याकाळी पोरं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनसमोरच्या चौकात येऊन बसली ती उठेनात. ट्राम ठप्प. तिथल्या थंडीत कित्येकांनी अंगातले शर्ट काढले. जवळजवळ 22 तास चौक अडला होता. आपल्याकडे बंद, रास्ता रोको नेहमीचे, पण त्या शहराने असलं काही पाहिलं नव्हतं. कॉफीचा कप हातात धरून लोक आमच्याकडे एखाद्या वरातीकडे बघावं तसे बघत होते. सरकारने शेवटी दोन गोष्टी कबूल केल्या. गाडीत पारदर्शक पडदा बसवायचा आणि रात्री दहा ते पहाटे पाच भाडं आधी घ्यायचं.

गंमत अशी की मला स्वतःला तो पडदा नकोच असायचा. एसीची हवा अडते, बोलणं ऐकू येत नाही आणि पुढे बसणाऱ्या गिऱ्हाइकाचं करायचं काय? पुढे अमेरिकेतल्या 26 शहरांचा, 1996 ते 2010 या काळाचा एक अभ्यास वाचनात आला. कॅमेरे बसले त्या शहरांत ड्रायव्हरांच्या खुनांचं प्रमाण खूप खाली आलं होतं, नुसत्या पडद्यांनी तसा फरक दिसला नव्हता. आपण कोण ते नोंदलं जातंय म्हटल्यावर हात आखडत असावा.

स्वारगेटच्या आसपास मी हे सगळं त्याला सांगत होतो आणि मनात मात्र भलतंच चाललं होतं. मी मेलबर्नला गेलो त्याच वर्षी पुण्यात बीपीओत रात्रपाळी करणाऱ्या एका मुलीला कंपनीच्या कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या मित्राने गहुंजेजवळ मारलं. दोन वर्षांनी खराडीतून घरी निघालेली इंजिनिअर मुलगी. माझी बहीण तेव्हा मगरपट्ट्यात नाइट करायची. घरून फोन आला की आई तिच्या कॅबच्या ड्रायव्हरबद्दल बोलायची आणि मी तिकडे ड्रायव्हरच्या सीटवर बसून 'काळजी घ्या' म्हणायचो. पुण्याने भीती शिकली ती मागच्या सीटवरून, आणि ती खोटी नव्हती. पण लांबचं भाडं सांगून गाडी केली, आडरस्त्याला ड्रायव्हरचा गळा आवळला आणि गाडी घेऊन पसार झाले, ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. त्यावर चौकात कोणी बसत नाही.

"आता रोकड कुठं असते आमच्याकडं?" ड्रायव्हर म्हणाला. "सगळं फोनवर. मग काय, गाडीच घेऊन जातात." मागच्या काचेवर आईचं नाव होतं. त्रेचाळीस हप्ते अजून बाकी आहेत म्हणाला.

धनकवडीत उतरलो. स्कॅन करून पैसे दिले, फोन बोलला. मी फाटक लावेपर्यंत तो थांबला, मग गाडीची चारही दारं एकदम लॉक झाल्याचा आवाज आला आणि तो गेला.

अण्णा जागे होते. अण्णांनी तीस वर्षं रिक्षा चालवली, त्यातली पहिली बारा दुसऱ्याची, रोजच्या भाड्याने. सीटखाली पाना असायचा आणि नोटा तीन ठिकाणी, सगळ्यात मोठी मोज्यात. मोज्याची युक्ती मीही मेलबर्नला वापरली होती, त्या रात्री नेमकी नाही. त्या पोरांची गोष्ट मी घरी कधी बोललो नव्हतो. सकाळी चहा घेताना का कोण जाणे, सांगून टाकली. ते बशीत फुंकर घालत राहिले.

"किती गेले?"

"एकशेऐंशी. डॉलर."

"त्यात मालकाचे किती?"

"नव्वद."

"भरून दिलेस?"

"दिले. दुसऱ्या दिवशीच."

"बरं केलंस," म्हणाले, आणि पेपर पुढे ओढला.