वाहाकाच्या डोंगरात घायपाताच्या मागावर

मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात लोक जातात ते घायपाताच्या गड्ड्यापासून काढलेली मेस्काल ही दारू चाखायला. मी म्हणेन, दारूचा नंबर शेवटी लावा, आधी झाड बघा. आपल्या बांधावरच्या घायपाताचं हे मूळ घर. पोळ्याला बैलांची दावी-कासरे ज्याच्या वाखाचे वळले जायचे, तेच हे कूळ. तिथल्या झापोटेक या मूळनिवासी लोकांच्या गावांतही पूर्वापार त्याच्या वाखाचे दोर, जाळ्या, पिशव्या होत आल्या आहेत.

वाहाका शहर सुमारे १,५५० मीटर उंचीवर आहे. तिथून मित्ला गावाच्या रस्त्याला बस आणि शेअर टॅक्सी मिळतात. रविवारीच निघा, कारण त्या दिवशी वाटेत त्लाकोलुलाचा आठवडी बाजार भरतो. तिथे भट्टीत भाजलेल्या घायपाताच्या फोडी मिळतात. उसासारख्या चावायच्या आणि चोथा थुंकायचा. चव गुळमट, धुरकट. सोबत सुट्टे पेसो ठेवा.

पुढे सान्तियागो मातात्लानमध्ये रस्त्याच्या दुतर्फा भट्ट्या आहेत. त्यांना ‘पालेंके’ म्हणतात. नोव्हेंबर ते एप्रिल या कोरड्या दिवसांत गेलात तर काम चालू असलेलं दिसण्याची शक्यता जास्त. पाती छाटून उरलेला गड्डा तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात मातीखाली काही दिवस भाजतात. मग घोडा दगडी चाक ओढतो, त्याखाली गड्डे चिरडले जातात. लाकडी पिंपांत ते आंबतात आणि शेवटी तांब्याच्या भांड्यात अर्क निघतो. सांता कातारिना मिनास या गावात अजून मातीची भांडी वापरतात, तेवढ्यासाठी वाट वाकडी करा. उरलेल्या चोथ्याच्या कच्च्या विटा पाडतात.

एक गोष्ट जवळ उभं राहून बघाच. कारागीर बोरूच्या नळीने मेस्काल ओढतो, भोपळ्याच्या वाटीत सोडतो आणि बुडबुडे किती वेळ टिकतात ते निरखतो. त्यावरून त्याला कडकपणा कळतो. वाटी हातात आली की आधी दोन थेंब जमिनीला द्यायचे, तुम्हीही द्या. लग्न असो, मयत असो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांसाठी मांडलेली वेदी असो, मेस्कालशिवाय भागत नाही. म्हणून तिथे घोटभर घ्या, सावकाश घ्या, सोबत पाणी पीत राहा.

शाकाहाऱ्यांनो, मेस्कालसोबत येणाऱ्या संत्र्याच्या फोडीवरच्या लालसर मिठात घायपातावरच्या अळ्या वाटलेल्या असतात. ‘सिन गुसानो’, म्हणजे अळीशिवाय, असं सांगायचं. आणि ताज्या कापलेल्या पातीला हात लावू नका, रसाने कातडीची आग होते.

बाटली घेताना मात्र विचार करा. लागवडीचं एस्पादिन जातीचं घायपात तयार व्हायला ६ ते ८ वर्षं लागतात, रानातलं तेपेस्ताते जातीचं २० वर्षांहून जास्त घेतं. गड्ड्यातली साखर टिकावी म्हणून फुलाचा दांडा आधीच छाटतात, त्यामुळे बी धरत नाही आणि मधावर जगणाऱ्या वटवाघळांचं खाणंही जातं. काही शेतकरी मुद्दाम थोडी झाडं फुलू देतात. मला ही माणसं फार मोलाची वाटतात. भट्टीवर विचारा, झाडं फुलायला सोडता का, रोपं लावता का. समाधानकारक उत्तर मिळालं तर तिथूनच घ्या, घासाघीस करू नका. लेबलवर झाडाची जात, गाव आणि कारागिराचं नाव बघा. भारतात करमुक्त दारू २ लिटरपर्यंतच आणता येते. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका.