बॅजवरचा क्यूआर एकदा स्वतःच स्कॅन करून बघा

ट्रेड शोचा बॅज हातात आला की फोनच्या साध्या कॅमेऱ्याने त्यावरचा क्यूआर स्कॅन करा. नाव, कंपनी, मोबाइल, ईमेल सगळं उघडं दिसलं, तर आयोजकाने कोडात अख्खं व्हीकार्ड, म्हणजे डिजिटल व्हिजिटिंग कार्ड, भरलंय. मग रांगेत मागे उभा असलेला माणूस तुमचा नंबर सहज उचलू शकतो. बॅज घालून टाकलेला सेल्फी झूम करणाराही.

तुम्ही आयोजक असाल, तर कोडात फक्त १०-१२ अक्षरांचा क्रमांक हवा, तोही रँडम. १००१, १००२ असे ओळीने दिले तर पुढचा क्रमांक कुणीही ताडेल. स्टॉलवाल्याच्या ॲपने तो सर्व्हरला विचारायचा, म्हणजे कुणी कुणाला कधी स्कॅन केलं याची नोंद राहते. शिवाय मोठी रोमन अक्षरं आणि आकडे वापरले, तर एवढा मजकूर २१×२१ चौकटींच्या सगळ्यात छोट्या कोडात मावतो. दोनशे बाइटच्या व्हीकार्डाला मध्यम एरर करेक्शनवर (कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणून भरलेला जादा मजकूर) ५७×५७ लागतात. त्याच जागेत चौकटी बारीक होतात, प्रिंट जरा फिकी आली की स्कॅनर अडखळतो आणि दारावर रांग तुंबते.

बॅज देताना ओळखपत्र बघायचं असतं, ठेवायचं नसतं. फोटो बघा, नाव जुळवा, ‘तपासलं’ अशी खूण करा, कार्ड परत द्या. झेरॉक्स नको, नंबर टिपणंही नको. खरी वादावादी होते नावांवरून: लग्नाआधीचं आडनाव, नुसती आद्याक्षरं. त्यासाठी फॉर्ममध्येच दोन रकाने ठेवा, ‘ओळखपत्रावरचं नाव’ आणि ‘बॅजवर हवं ते नाव’.

चेहरा ओळखून आत सोडायची हौस असेल, तर आधी जोखमीचं मूल्यमापन नीट लिहून काढा. बार्सिलोनातल्या २०२१ च्या मोबाइल वर्ल्ड काँग्रेस या मोबाइल उद्योगाच्या ट्रेड शोच्या आयोजकांना स्पेनच्या डेटा संरक्षण संस्थेने २ लाख युरोंचा दंड केला, तो ह्याच कागदात कमी पडल्यामुळे.

काउंटरवरची स्क्रीन रांगेकडे तोंड करून नको. ‘पाटील’ टाइप केलं की सगळ्या पाटलांचे ईमेल दिसतात! शोध कन्फर्मेशन कोडवरूनच घ्या. आणि भाड्याचे टॅब परत देण्याआधी फॅक्टरी रीसेट करा. नेट गेलं तरी काम अडू नये म्हणून बहुतेकदा पूर्ण यादी त्यांत उतरवलेली असते.