बटनले हात नको लावू

आमच्या वेळी प्रयोगशाळेच्या कपाटावर शाळेचा रेडिओ असायचा. लाकडी पेटीचा, वाल्ववाला. (वाल्व म्हणजे आत तापणारी तार असलेली काचेची नळी.) विज्ञानाच्या सरांचा दंडक होता, सकाळी लावला की शाळा सुटेपर्यंत बंद करायचा नाही, आवाज तेवढा बारीक करायचा. लाइटबिलावरून हेडसरांची कुरकुर चाले, पण सर बधत नसत.

मी जुन्या अकरावीच्या वर्गातला, १९७१ ची बॅच. मधल्या सुट्टीत वाल्व पेटताना बघायचा म्हणून मी मागची जाळी काढली आणि बटण खटाखट चालू-बंद केलं. चौथ्या-पाचव्या वेळी आतली तार क्षणभर पांढरी झाली आणि विझली. सर दारातच उभे होते. मारलं नाही. वाल्व गार झाल्यावर माझ्या तळहातावर ठेवला आणि अहिराणीत म्हणाले, "बटनले हात नको लावू, भाऊ." मग समजावलं : तार थंड असली की विजेला अडवत नाही, एकदम जास्त करंट घुसतो, तापली की तीच तार अडवते. वाल्व चालून मरत नाही, चालू-बंद करताना मरतो. नवा वाल्व जळगावहून आणला, पैसे वडिलांनी दिले. त्या रात्री घरी काय झालं ते शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

पुढे टेलिफोन खात्यात लागलो. स्ट्रोजर म्हणजे जुन्या यांत्रिक टेलिफोन एक्सचेंजमधल्या रात्रपाळ्या, रिलेची ती अखंड खटखट, मे महिन्यातला आपल्या खान्देशातला उकाडा. सर मागे पडले. निवृत्तीनंतर टॉमी फ्लॉवर्सविषयी वाचलं, तेव्हा ते पुन्हा दारात उभे राहिले.

फ्लॉवर्स आमच्याच धंद्यातला. १९०५ साली पूर्व लंडनमध्ये गवंड्याच्या घरी जन्मला. दिवसा उमेदवारी, रात्री कॉलेज, असं करत इंजिनिअर झाला आणि ब्रिटिश पोस्ट खात्याच्या टेलिफोन शाखेत लागला. १९४३ साली ब्लेचली पार्कला, म्हणजे ब्रिटिशांच्या गुप्त संदेश फोडणाऱ्या केंद्राला, जर्मन सेनानींचे लोरेन्झ यंत्रावरचे गुप्त संदेश फोडायचे होते. (एनिग्मा हे जर्मनांचं दुसरं गुप्तलेखन यंत्र, ते वेगळं, तिथे बरेच जण गल्लत करतात.) त्यांच्याकडच्या यंत्रात कागदी पट्ट्या दोन, त्या एकमेकींशी जुळवून पळवायच्या, आणि त्या सारख्या मागेपुढे व्हायच्या. फ्लॉवर्स म्हणाला, एक पट्टी काढूनच टाकू, तिचं काम वाल्वकडून करून घेऊ. त्यासाठी वाल्व लागणार होते सुमारे १,६००. तिथल्या जाणत्यांनी मान हलवली. एवढे वाल्व एकत्र चालणारच नाहीत, रोज कुठला ना कुठला उडणार!

फ्लॉवर्सला मात्र टेलिफोन खात्यातला अनुभव होता. वाल्व बंदच केले नाहीत तर वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे आमच्या सरांचंच म्हणणं. पोस्ट खात्याच्या डॉलिस हिलच्या प्रयोगशाळेत त्यानं माणसं जुंपली, पदरचे पैसेही घातले, आणि साधारण अकरा महिन्यांत यंत्र उभं केलं. नाव कोलोसस. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते कामाला लागलं. कागदी पट्टीवरची सेकंदाला ५,००० अक्षरं वाचायचं. २,४०० वाल्वचं दुसरं १ जूनला सुरू झालं, नॉर्मंडीच्या स्वारीच्या पाच दिवस आधी. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रं चालू होती.

मग हुकूम आला, सगळं नष्ट करा. फ्लॉवर्सनं आपल्या हातानं आराखडे भट्टीत घातले. सरकारनं हजार पौंड दिले, त्यात त्याचा खर्चही भरून निघाला नाही. पुढे असंच यंत्र बनवायला त्यानं बँकेकडे कर्ज मागितलं, तर असलं काही चालणार नाही म्हणून नकार मिळाला. आणि 'एक मी चालवलंय' हे सांगायची सोय नव्हती! गुप्ततेपायी १९७० च्या दशकापर्यंत तोंड बंद. तोवर पहिल्या संगणकाचा मान अमेरिकेच्या एनियाकनं नेला होता. आज ब्लेचलीतल्याच गणितज्ञ ट्यूरिंगचं नाव कॉलेजच्या पोरांना पाठ असतं, फ्लॉवर्सचं विचारा. टेलिफोनवाल्याचं असंच असतं. लाइन चालू असेपर्यंत त्याची आठवण कोणाला होते?

मला सर्वांत आवडलेली गोष्ट १९९३ ची. सत्त्याऐंशी वर्षांच्या या माणसानं हेंडन कॉलेजात पर्सनल कॉम्प्युटरचा प्राथमिक कोर्स केला आणि रीतसर प्रमाणपत्र घेतलं. पाच वर्षांनी तो गेला.

आमचे सरही आता नाहीत. तो रेडिओ मात्र अडगळीच्या खोलीत आहे असं शिपाईभाऊंकडून कळलं. महोत्सवाच्या प्रदर्शनात तो मांडा. वाल्व मी शोधून आणतो, एक तसाही माझ्याकडे बाकी आहे.