तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रकची काच कुठे मिळाली?

दोन वर्षं झाली, हेच चाललंय. ट्रक घेऊन पेट्रोल भरायला थांबलो, नाहीतर गणपतीला मंडळाच्या हॉलवर गेलो, की कोणीतरी जवळ येतंच, बॉनेटवरून हात फिरवतं आणि मग पुढच्या काचेकडे बघून विचारतं, "एवढ्या जुन्या गाडीची काच कुठे मिळाली हो तुम्हाला?" पुण्याहून व्हॉट्सॲपवर पण हाच प्रश्न येतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच काढतो, कारण खरं सांगायचं तर काच मिळणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता, आणि जे अवघड होतं ते कोणी विचारतच नाही.

आधी गाडी कुठली ते सांगतो. शेव्हरोले ३१००, १९५१ सालची, अर्धा टन माल नेणारी पिकअप. १९४७ च्या जूनमध्ये ही ॲडव्हान्स डिझाइन नावाची सिरीज आली आणि १९५५ पर्यंत चालली. गोल नाक, गुबगुबीत मडगार्ड, आडव्या पट्ट्यांची ग्रिल, एकदा बघितली की विसरत नाही माणूस. ह्या सिरीजमध्ये १९५३ पर्यंत पुढे एक काच नसते, दोन असतात, मध्ये उभी पट्टी आणि दोन्ही काचा एकदम सपाट. १९५४ ला एकच वाकवलेली काच आली. मी १९५१ ची घेतली त्याचं एक मोठं कारण हेच, सपाट काच कुठलाही चांगला काचवाला साचा बघून कापून देतो, वाकवलेली तयारच मिळवावी लागते.

मी राहतो मिशिगनमध्ये, लान्सिंगजवळ. हे ट्रक जिथे बनायचे ते फ्लिंट इथून तासाभरावर आहे, त्यामुळे अशी गाडी सापडणं फार अवघड नाही, न सडलेली सापडणं अवघड. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात ते खालून गाडी खातं हे सगळ्यांना माहिती असतं. पण ह्या गाड्या वरूनही सडतात. काचेचं रबर वाळलं की खालच्या कोपऱ्यातून पाणी आत शिरतं, डॅशबोर्डच्या मागून गुपचूप उतरतं, पायाखालच्या पत्र्यावर जाऊन बसतं, आणि वर मॅट असल्यामुळे कोणाला पत्ताच नाही. माझ्या गाडीचा ड्रायव्हरच्या बाजूचा फ्लोअर गेलेला होता तो मी आधी बदलला, आणि मग लक्षात आलं की पाणी जिथून येतंय ते तसंच ठेवून मी खाली नवा पत्रा मारलाय. तेव्हा काच काढायला घेतली.

जुनं रबर वाचवायच्या भानगडीत पडू नका. प्लॅस्टिकसारखं कडक झालेलं असतं. बाहेरच्या बाजूची रबराची ओठासारखी कड कटरने कापून टाकली की काच आतून हळू ढकलून बाहेर येते. दोन्ही काचा कडेने दुधाळ झाल्या होत्या. ह्या काचेत दोन पातळ काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, कडेने ओल शिरली की तो सुटायला लागतो आणि पांढरट-पिवळट डाग आत सरकत जातात, बाहेरून कितीही पुसा जात नाहीत. रबराखाली कोणीतरी कधीतरी डांबरासारखं काहीतरी भरलेलं होतं आणि त्यावर सिलिकॉन. हे सिलिकॉन पूर्ण, म्हणजे अगदी पूर्ण काढावं लागतं, एवढासा अंश राहिला तरी त्यावर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

आणि मग ती कड दिसली. ज्या पत्र्याच्या कडेला रबर कवटाळून बसतं ना, ती. वायर ब्रश लावला तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांत वीतभर कड नव्हतीच, नुसता तपकिरी भुगा होता आणि त्याच्यावर रंगाचा पापुद्रा.

माझा अख्खा हिवाळा ह्या दोन वितींत गेला. पेट्रोलची टाकी ह्या गाड्यांमध्ये १९४९ पासून केबिनच्या आत, सीटच्या मागे असते, म्हणून वेल्डिंगच्या आधी ती काढून गॅरेजच्या बाहेर नेली, हे लिहितोय कारण एकाने फोटो पाठवला होता त्यात टाकी जागेवर आणि हा वेल्डिंग करतोय, कृपा करून असं करू नका. सडलेलं कापत कापत चांगल्या पत्र्यापर्यंत गेलो, पुठ्ठ्याचा साचा केला, १८ गेजचा पत्रा त्यावर कापला, वाकवला आणि लांब लांब अंतरावर वेल्डिंगचे छोटे टाके मारत जोडला. एका जागी सलग वेल्डिंग केलं की पत्रा तापून वाकतो आणि सपाट काचेला वाकडी चौकट चालतच नाही. ग्राइंडर मारला, एपॉक्सी प्रायमर (रंगाखाली गंज रोखणारा थर) मारला, पुट्टी जवळजवळ वापरलीच नाही कारण रबराची खाच ठरावीक जाडीच्या पत्र्यासाठी असते, वर पुट्टीचा थर चढवला की रबर बसतच नाही. मग रंग.

आता काच. जुन्या दोन काचा साचा म्हणून घेतल्या आणि गावातल्या काचेच्या दुकानात गेलो. लॅमिनेटेडच, म्हणजे मध्ये तो पडदा असलेलीच हवी, आणि कोपऱ्यात एएस-१ असा शिक्का हवा, पुढच्या काचेला अमेरिकेत तोच लागतो, तशा काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार यावा लागतो. खिडकीची साधी काच बसवून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडे जाऊ नका. आमच्या दुकानदाराने माझ्यासमोर कापली आणि ते मी बघतच राहिलो. आधी वरून रेघ मारली, मग उलटी करून बरोबर त्याच जागी खालून रेघ, दोन्ही काचा कट्‌ कट्‌ करून तोडल्या, पण मधला पडदा जोडलेलाच, तर त्या फटीत स्पिरिट ओतून पेटवलं, निळी ज्योत सर्रकन रेघेवरून पळाली, पडदा मऊ झाला, आणि त्याने काच किंचित ओढून त्या फटीत ब्लेड फिरवलं. दोन्ही काचा तासाभरात हातात. कडा घासून गुळगुळीत. झालं, काच कुठे मिळाली ह्याचं उत्तर एवढंच आहे.

मे महिन्यात शेजाऱ्याला मदतीला घेऊन बसवली. बसली पण छान. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं दार उघडलं तर ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेत खालच्या कोपऱ्यातून वर गेलेली एक लांब चीर. कोणी हात लावला नव्हता. रात्री थंडी पडली होती एवढंच. मी काचवाल्याला मनात खूप बोललो, वाटलं कड नीट घासली नसणार.

जूनमध्ये आई-बाबा आले. बाबा एसटीत होते, दापोडीच्या वर्कशॉपमध्ये, निम्म्याहून जास्त नोकरी बॉडीवर काम करण्यात गेली. विमानाचा शीण उतरायच्या आधीच गॅरेजमध्ये आले, चिरेकडे बघितलं आणि म्हणाले, "काच काढ. काचेत काही नाही, चौकटीत आहे."

"बाबा, चौकट मी नवीन केलीय, दोन महिने घासलीय."

"म्हणूनच म्हणतोय, काढ."

रबर कापून काच काढली. बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि उजव्या हाताचं मधलं बोट त्या कडेवरून फिरवायला लागले, डावीकडून सुरुवात करून अगदी सावकाश, मध्ये थांबून परत मागे यायचे. खालच्या कोपऱ्यापाशी थांबले. माझा हात धरून बोट तिथे ठेवलं. हरभऱ्याच्या डाळीएवढा एक उंचवटा, वेल्डिंगचा टाका, ग्राइंडरच्या चाकाला कोपऱ्यात पोचता न आल्यामुळे राहिलेला, त्यावर प्रायमर आणि रंग चढून इतका गुळगुळीत झालेला की डोळ्याला दिसतच नव्हता. चीर बरोबर तिथून निघाली होती. रबर दाबलं जाऊन काच त्या डाळीवर टेकली होती, थंडीत पत्रा आकसला आणि तिथेच तडकली. काचवाल्याची काही चूक नव्हती, दुसरी काच कापायला गेलो तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं.

त्यानंतर बाबांनी जे करून घेतलं ते मी आधी करायला हवं होतं. उंचवटा कानशीने हाताने घासला, ग्राइंडर नाही. मग रबर न लावता, कडेवर सारख्या जाडीचे पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून नुसती काच त्यावर टेकवली आणि एकेका कोपऱ्यावर बोटाने दाबून बघितलं, डगमगते का. प्रवाशाच्या बाजूची वरच्या कोपऱ्यात थोडी डगमगत होती, ती कड लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू सरळ केली. चारही कोपऱ्यांत काच निवांत बसल्यावरच पुढे जायचं म्हणाले. घासलं तिथे परत प्रायमर, परत रंग, आणि रंग पूर्ण कडक होईपर्यंत चार आठवडे कोणीही हात लावायचा नाही. मला घाई होती, त्यांना नव्हती, त्यांचा मुक्काम ऑक्टोबरपर्यंत होता.

जुलैत एका कडक उन्हाच्या दिवशी बसवायला घेतली. नवं रबर सकाळपासून ड्राइव्हवेवर उन्हात ठेवलेलं, गरम झालं की मऊ पडतं आणि कोपऱ्यात निमूट वळतं. टेबलावर गोधडी अंथरून दोन्ही काचा रबरात बसवल्या, मधल्या जोडापाशी रबराचा आकार वेगळा असतो तिथे वेळ लागतो. बाहेरच्या खाचेत गोल फिरवून दोरी घातली, गुळगुळीत नायलॉनची, बोरूएवढी जाड, दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून वीतभर पुढे काढून ठेवलेली. बाबा आधी सुतळी आहे का विचारत होते, पण सुतळी रबराला खरवडते असं माझं मत पडलं आणि त्यांनी ते मान्य केलं. खाचेला साबणाचं पाणी भरपूर. ग्रीस किंवा ऑइल अजिबात नाही, त्याने हे रबर फुगतं आणि खराब होतं.

बाबा आत सीटवर बसले, मी बाहेरून. सगळं रबर आणि काचा उचलून चौकटीवर टेकवलं, मी दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं आणि त्यांनी आतून दोरीचं एक टोक ओढायला सुरुवात केली. दोरी बाहेर येते तशी ती रबराची कड उचलून पत्र्याच्या आतल्या बाजूला टाकत जाते. ओढायची ती काचेच्या मध्याच्या दिशेने, सरळ स्वतःकडे ओढली तर रबर फाटतं. आधी खालची बाजू, मग दोन्ही उभ्या, वरची शेवटी. दोरी जिथे असेल तिथे मी बाहेरून हाताने थोपटत जायचं. मी एका ठिकाणी जरा जास्तच जोर दिला तर आतून आवाज आला, "अरे काचेला जोर नाही लावायचा, रबराला लाव, रबराला." काचेतून मला त्यांचं तोंड दिसत होतं, घामाने डबडबलेलं, जीभ दातात धरलेली, माझ्या लहानपणी रविवारी सायकलचं पंक्चर काढताना असायची तशीच. दोन हजार नऊला रिटायर झाले होते. हात एकदाही अडखळले नाहीत.

शेवटचा वरचा मध्य बसला तेव्हा टप्‌ असा आवाज झाला आणि अख्खी काच किंचित आत ओढल्यासारखी झाली. तो आवाज आला की समजायचं बसली.

पाण्याची टेस्ट पण सांगतो, कारण लोक एकदम फवारा मारतात आणि मग गळतंय कुठून ते कळत नाही. मुलीच्या हातात होज दिला, पाणी अगदी बारीक, आणि सुरुवात खालून. मी आत टॉर्च घेऊन. खालची कड दहा मिनिटं, मग बाजू, मग वर. खालून सुरुवात केली की ज्या क्षणी थेंब दिसतो त्या क्षणी जागा समजते. आम्हाला एक थेंब दिसला, मधल्या पट्टीच्या तळाशी. तिथे रबराखाली न वाळणारं, कायम मऊ राहणारं सीलर भरलं, सिलिकॉन नाही. दुसऱ्या दिवशी परत टेस्ट, कोरडं. त्या रात्री खरा पाऊस आला, विजांसकट. मी आणि बाबा ट्रक मुद्दाम बाहेर काढून त्यात बसलो, तासभर, मॅट उचलून ठेवलेली, पत्र्यावर हात फिरवत. आईने दोनदा फोन केला जेवायला या म्हणून.

त्या तडकलेल्या काचेचा आणि जुन्या दोन काचांचा मिळून मी प्लायवर साचा काढून ठेवलाय, डावी आणि उजवी वेगवेगळी, ह्या सिरीजच्या १९४७ ते ५३ च्या कुठल्याही शेव्हरोले पिकअपला चालेल. मिशिगन, ओहायो, इंडियाना भागात कोणी ही गाडी करत असेल तर येऊन साचा घेऊन जा, आणि येताना गाडीच्या चौकटीचे फोटो आणा, काचेचे नकोत.