बर्लिनची चर्चं आणि प्रार्थनेच्या यादीतली नावं

बर्लिनच्या मारिएनडोर्फ भागातल्या मार्टिन लूथर स्मारक चर्चमध्ये शिरलं की आधी डोक्यावर दिसतं ते झुंबर. काळं, आयर्न क्रॉसच्या आकाराचं. आयर्न क्रॉस हे जर्मन सैनिकाच्या छातीवर लागणारं पदक. ते देवाच्या घरात उंबऱ्यालाच कशाला टांगायचं, हा प्रश्न १९३३ ते १९३५ या काळात हे चर्च बांधणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

भाची बर्लिनला शिकते. म्युझियमं, नदीतली बोटीची फेरी असा तिने माझ्यासाठी झकास बेत आखला होता. मी म्हटलं, आधी चर्चं. "आत्या, चर्च बघायला नगरहून इतक्या लांब यायचं?" नगरला चर्चांना तोटा नाही, हे खरंच. पण संडे स्कूलमध्ये असल्यापासून माझ्या मनात एक कुतूहल होतं. हिटलरच्या काळात रविवारी इस्त्रीचे कपडे घालून, बायबल काखेत धरून उपासनेला जाणारी ती लाखो माणसं बाकीचे सहा दिवस काय करत होती?

मारिएनडोर्फचं चर्च रोज उघडं नसतं, ठरलेल्या वेळीच दाखवतात. आम्हाला फिरवणारे आजोबा शांतपणे एकेका वस्तूपाशी थांबत होते. वेदीच्या अलीकडे मोठी कमान आहे, तिच्यावर भाजक्या मातीच्या सुमारे ८०० फरश्या. एका फरशीवर काटेरी मुकुट, शेजारच्या फरशीवर हेल्मेट घातलेला सैनिक. स्वस्तिकं होती ती युद्धानंतर काढून टाकली. पुलपीटच्या, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठाच्या, लाकडी नक्षीत येशूचं ऐकणाऱ्यांमध्येही हेल्मेटवाला सैनिक आहे. आणि बाप्तिस्म्याच्या कुंडावर हातात टोपी धरून अदबीने उभा असलेला एसएचा माणूस, म्हणजे रस्त्यावर ज्यूंना आणि विरोधकांना बडवणाऱ्या हिटलरच्या टोळीतला. कोरीव काम सुंदर आहे, हे कबूल करायला जड जातं. इथला ऑर्गनही आधी १९३५ च्या न्यूरेंबर्गच्या नाझी मेळाव्यात वाजला आणि मग चर्चमध्ये बसवला गेला.

याच चर्चमध्ये १८ डिसेंबर १९३८ रोजी हान्नी क्लेपर यांचा बाप्तिस्मा झाला आणि नवऱ्याबरोबरच्या त्यांच्या लग्नाला चर्चचा आशीर्वाद मिळाला. नवरा योखेन क्लेपर, जर्मन प्रॉटेस्टंट आजही ज्याची गीतं गातात तो कवी. हान्नी जन्माने ज्यू. नोव्हेंबरमध्ये नाझींनी देशभरची सिनेगॉगं, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली, त्याला जेमतेम सव्वा महिना झाला होता. बाप्तिस्म्याने त्या ख्रिस्ती झाल्या, पण सरकारदरबारी ज्यूच राहिल्या. थोरल्या मुलीला १९३९ मध्ये इंग्लंडला धाडता आलं. धाकटीला देशाबाहेर जायची परवानगी नाकारली गेली, तेव्हा डिसेंबर १९४२ मध्ये आई, मुलगी आणि सावत्र वडील अशा तिघांनी एकाच रात्री जीव दिला. कुंडावरचा तो टोपीवाला मी पुन्हा जाऊन पाहिला.

हे सगळं वरून लादलेलं होतं असं समजू नका. 'जर्मन ख्रिस्ती' नावाची एक चळवळच प्रॉटेस्टंटांमध्ये होती आणि जुलै १९३३ च्या चर्चच्या निवडणुकीत तिने सुमारे दोनतृतीयांश मतं मिळवली. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चसभेने 'आर्य कलम' मंजूर केलं: ज्यू वंशाचा माणूस पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, राहू शकणार नाही. नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात २० हजार लोकांसमोर चळवळीच्या एका पुढाऱ्याने बायबलमधून जुना करारच, म्हणजे ज्यूंचाही धर्मग्रंथ असलेला भाग, काढून टाकायची मागणी केली. तेव्हा कुठे अनेकांचे डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी डालेमला गेलो. मेट्रोचं स्टेशन खेड्यातल्या घरासारखं, गवताने शाकारलेलं. तिथून चार पावलांवर सेंट आन चर्च, जुनं, बुटकं, भोवती दफनभूमी. मार्टिन नीमोलर इथले पाळक. "आधी ते कम्युनिस्टांसाठी आले" असं सुरू होणारा मजकूर व्हॉट्सॲपवर सगळ्यांना येऊन गेलेला असतो, तो यांचा. पहिल्या महायुद्धात हे पाणबुडीचे कमांडर होते. मार्च १९३३ मध्ये त्यांनी मत दिलं ते हिटलरच्याच पक्षाला. आर्य कलम आल्यावर मात्र त्यांनी पाळकांचा आपत्कालीन संघ काढला आणि काही महिन्यांत देशातल्या सुमारे १८ हजार पाळकांपैकी ७ हजार त्यात आले. त्यातूनच 'जर्मन ख्रिस्तीं'ना विरोध करणारं कबुलीपंथी चर्च उभं राहिलं. मे १९३४ मध्ये बार्मेनला त्यांनी जाहीरनामा काढला, मसुदा मुख्यतः धर्मपंडित कार्ल बार्ट यांचा: चर्चचा प्रभू ख्रिस्तच, दुसरा कोणी पुढारी नाही. धाडसी होताच तो. पण सगळा वाचून काढा, त्यात ज्यूंचा उल्लेख एकदाही येत नाही.

१ जुलै १९३७ ला नीमोलरना अटक झाली. कोर्टाने दिलेली शिक्षा भोगून झालेलीच होती, तरी सुटका होताच हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, त्यांना उचललं आणि हिटलरचे 'खासगी कैदी' म्हणून १९४५ पर्यंत आधी साक्सेनहाउझेन, मग दाखाउच्या छावणीत ठेवलं. इकडे डालेममध्ये रोज प्रार्थना सुरू झाली. तुरुंगात असलेल्या, बोलायला बंदी घातलेल्या, हद्दपार केलेल्या पाळकांची यादी मोठ्याने वाचायची आणि एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. बाहेर गेस्टापो असताना युद्ध संपेपर्यंत हे चाललं. मी त्या बाकावर बसले तेव्हा आमच्याकडची मध्यस्थीची प्रार्थना आठवली. आजारी, परीक्षेला बसलेले, प्रवासाला गेलेले, सगळ्यांची नावं येतात. आणि मग वाटलं, इथल्या यादीत कोण नव्हतं?

ज्यू शेजारी नव्हते. हे मी आज बसून शहाणपणाने म्हणत नाही, तेव्हाच कोणीतरी सांगितलं होतं. एलिझाबेथ श्मिट्झ, बर्लिनच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई. १९३५-३६ मध्ये त्यांनी ज्यूंच्या हालांवर सविस्तर निवेदन लिहिलं. शाळेतली पोरं ज्यू वर्गमित्रांना कशी छळतात इथपासून सगळं. प्रती काढून कबुलीपंथी पुढाऱ्यांकडे पोचवल्या. चर्चने जाहीर काहीच केलं नाही. नोव्हेंबर १९३८ नंतर "या सरकारसाठी मला शिकवायचं नाही" म्हणून त्यांनी नोकरी सोडली. निवेदनावर नाव नव्हतं, त्यामुळे कित्येक दशकं ते दुसऱ्याच बाईंच्या नावावर खपत राहिलं. १९७७ मध्ये त्या वारल्या तेव्हा अंत्यविधीला सात माणसं होती. नीमोलर मोठेच, पण डालेमहून मी मनात घेऊन निघाले त्या या बाईंना.

डालेमच्याच मंडळीतल्या काही जणांनी नंतर आपली ओळखपत्रं अर्पणाच्या पेटीत टाकली, लपलेल्या ज्यूंसाठी त्यांवरचे फोटो बदलता यावेत म्हणून. अर्पण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर नोटा आणि चिल्लरच येते.

नीमोलर यांचं घर आता संस्था म्हणून चालतं आणि ते ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव पाचेल्लीआले. पाचेल्ली म्हणजे पुढे पोप झालेले बारावे पायस. जुलै १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारशी व्हॅटिकनचा करार झाला, त्यावर व्हॅटिकनतर्फे सही यांचीच. पाट्या लावणाऱ्यांना हा विनोद कळला होता की नाही, देव जाणे.

कबुलीपंथी चर्चचेच पाळक डीट्रिख बोनहोफर यांचं घर शहराच्या पश्चिमेला, आधी कळवून जावं लागतं. माडीवरची खोली साधी, खिडकीशी टेबल. ५ एप्रिल १९४३ ला त्यांना याच घरातून नेलं. हिटलरविरुद्धच्या कटात सामील म्हणून ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत फाशी. पण कटातला माणूस म्हणजे राजकीय कैदी, त्यामुळे कबुलीपंथी चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत बोनहोफर यांचं नाव नव्हतं. विश्वासासाठी छळलेले वेगळे आणि शेजाऱ्यासाठी फासावर गेलेले वेगळे, अशी ती वर्गवारी मला अजूनही पचत नाही.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट: १९३४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला पाळक असताना बोनहोफर यांनी गांधीजींना पत्र लिहिलं होतं. अहिंसक प्रतिकार करणारा समाज कसा राहतो, हे त्यांना येऊन पाहायचं होतं. १ नोव्हेंबरला गांधीजींचं उत्तर गेलं: जायचे-यायचे पैसे आणि इथला खर्च सोसत असाल तर केव्हाही या, थंडीत आलात तर बरं. गांधीजींचा मुक्काम तेव्हा वर्ध्याला असे. पण १९३५ मध्ये कबुलीपंथी चर्चने नवे पाळक घडवायचं काम बोनहोफर यांच्यावर सोपवलं आणि वर्धा राहून गेलं.

शेवटी सेंट हेडविग, कॅथलिकांचं कॅथेड्रल. बेबेलप्लाट्झवर, जिथे मे १९३३ मध्ये पुस्तकं जाळली. इथले प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, बेर्नहार्ड लिश्टेनबेर्ग नोव्हेंबर १९३८ पासून संध्याकाळच्या प्रार्थनेत ज्यूंसाठी आणि छळछावणीतल्या कैद्यांसाठी उघड प्रार्थना करत. यादी लागली नाही, परवानगी लागली नाही. जवळजवळ तीन वर्षं हे चाललं. १९४१ च्या ऑगस्टमध्ये सहज येऊन बसलेल्या दोन विद्यार्थिनींनी ते ऐकलं आणि त्यांच्या तक्रारीवरून ऑक्टोबरमध्ये लिश्टेनबेर्गना अटक झाली. चौकशीत त्यांनी काही लपवलं नाही. पोलंडमधल्या लोजला नेल्या जाणाऱ्या ज्यूंबरोबर मलाही पाठवा, असं उलट तेच मागत राहिले. दोन वर्षांची शिक्षा संपल्यावर दाखाउला नेताना ५ नोव्हेंबर १९४३ ला होफ गावी त्यांनी प्राण सोडला.

कबर खाली तळघरातल्या चर्चमध्ये आहे. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी, घोषित केलं, आणि तेही कुठे, तर १९३६ च्या ऑलिंपिकसाठी हिटलरने बांधलेल्या स्टेडियममध्ये. मी हे सांगितलं तर भाची म्हणाली, "तिथे? आत्या, अगं तिथे मी हर्था क्लबची फुटबॉल मॅच बघायला जाते." आणि फोन काढून पुढच्या मॅचची तिकिटं बघायला लागली.