अळूवरची अळी आणि लेझर: ऐरोलीच्या गच्चीवरचा माझा अनुभव

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ड्रमांमधून अळू, टोमॅटो, कोबी लावलेली आहे. पाऊस सरला की त्यावर तंबाखूची पानं खाणारी अळी पडते. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा लिट्युरा. फवारणी करायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सकाळी खुडलेल्या अळूच्या पानांची संध्याकाळी वडी होते, मग औषध मारल्यावर काढणीसाठी थांबायचे दिवस पाळणार कसे? शिवाय पाण्याच्या टाक्या तिथेच आणि पोरंही तिथेच खेळतात.

मी रबाळे एमआयडीसीत लेझर मार्किंग मशीनवर काम करतो. जपानच्या ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी याच किडीच्या पतंगावर निळा लेझर वापरून पाहिला आणि छाती व तोंडाचा भाग सर्वांत नाजूक असल्याचं दाखवलं, हे २०२३ साली वाचनात आलं. तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. उडणारा पतंग टिपणं घरगुती सामानात शक्य नव्हतं. पानावर रांगणारी अळी मात्र जमण्यासारखी वाटली. अमेरिकेत कार्बन रोबोटिक्स कंपनीचं ट्रॅक्टरला जोडायचं यंत्र लेझरने तण जाळतं. तिथे लेझर चालतो याचं मोठं कारण म्हणजे तण जागचं हलत नाही.

सोसायटीची परवानगी मिळवण्यात सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. कमिटीतल्या एका काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आता उलव्याला विमानतळ झालाय. तुझा लेझर वर गेला तर?" अगदी रास्त प्रश्न. पाच वॅटचा निळा लेझर चौथ्या वर्गात मोडतो. त्याचा नुसता परावर्तित किरण डोळ्यात गेला तरी दृष्टी जाऊ शकते. म्हणून उघड्यावर काहीच करायचं नाही असं लेखी दिलं. अॅल्युमिनियमच्या चौकटीला काळे पत्रे लावून पेटी केली, दाराला असा स्विच बसवला की दार जरा उघडलं तरी लेझर बंद. त्याच तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा चष्मा घेतला. साधा गॉगल इथे कुचकामी आहे, हे मी प्रत्येकाला सांगतो. एक कुंडी आत ठेवायची, कॅमेरा रुळावरून फिरणार, अळी दिसली की दोन छोटे आरसे किरण तिच्यावर वळवणार, अशी रचना होती. आरशांचं काम मी रोज करतो, त्यामुळे ते झटपट झालं.

कॅमेऱ्याचं काम मात्र झटपट झालं नाही. हिरव्या पानावर हिरवी अळी. मोठ्या अळ्या दिवसा मातीत दडतात आणि रात्री खातात, त्यामुळे रात्री फोटो काढायचे, दिवसा प्रत्येक फोटोत अळीभोवती चौकट आखायची आणि संगणकाला शिकवायचं. त्यातच ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंग्याची) अळी निघाली. ती काळपट, काटेरी, पाहणाऱ्याला शत्रूच वाटेल अशी असते, पण मावा खाऊन आपलं काम करते. तिला जाळलं तर मग औषधात आणि आपल्यात फरक काय राहिला? म्हणून मित्रकिडींचा वेगळा गट करून, जरा शंका आली तरी यंत्राने लेझर सोडायचा नाही असं ठरवलं. हा नियम मला सगळ्या यंत्रात सर्वांत मोलाचा वाटतो.

लेझर चालला. कोबीच्या पानावरची अळी क्षणात मेली. पण हरितद्रव्य निळा प्रकाश भराभर शोषतं, त्यामुळे नेम केसभर चुकला तरी पान करपायचं. आणि अळवावरच्या पाण्याचं काय सांगावं! त्या गोल थेंबावर किरण पडला की तो पेटीत कुठेही उधळायचा. पेटी बंद होती म्हणून निभावलं. ओल्या पानावर लेझर नाही, हा दुसरा नियम तिथे झाला. पांढरी माशी पानाखाली बसते आणि वांग्यातली फळ पोखरणारी अळी तर फळाच्या आतच असते. तिथे वरून मारलेल्या किरणाचा काही उपयोग नाही.

गच्चीची बाग सांभाळणाऱ्या काकू हे सगळं पाहत होत्या. एकदा म्हणाल्या, "अरे, मोठी अळी मारत बसण्यापेक्षा अंडी कुठे आहेत ते मला दाखव ना. पान मी खुडते." काकूंचं अगदी बरोबर होतं. हा पतंग बहुधा पानाखाली पुंजक्याने अंडी घालतो, वर तपकिरी केसांची लव असते. लहान अळ्या सुरुवातीला एकाच पानावर घोळक्याने राहतात आणि त्याची चाळण करतात. त्या वेळी एक पान काढलं की सगळा घोळका गेला.

मग कॅमेरा पेटीबाहेर आणला आणि पानांच्या खालून वर बघेल असा बसवला. रात्री तो कुंड्यांच्या रांगेतून फिरतो आणि सकाळी काकूंच्या मोबाइलवर कुंडीचा क्रमांक आणि फोटो येतो. त्या पान खुडून साबणाच्या पाण्यात टाकतात. जोडीला कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारा सापळा, लावलाय. त्यात पतंग वाढले की कॅमेऱ्याच्या फेऱ्या वाढवतो. लेझरची पेटी आता फक्त कोबीच्या रोपांसाठी, कोरड्या पानांवर, मी स्वतः हजर असतानाच चालते. कुणाला असं काही करायचं असेल तर त्यांनी कॅमेऱ्यापासून सुरुवात करावी. फोटो आणि आखलेल्या चौकटी मी आनंदाने देईन, आणि ढालकिड्याच्या अळीचे फोटो आधी मागून घ्या.