कोणत्या कंपनीचा बेलर घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

वाळलेल्या गवताचे लहान चौकोनी गठ्ठे बांधायला कोणत्या कंपनीचा बेलर चांगला, असं विचारणारे बहुतेक जण नाव ठरवूनच आलेले असतात. न्यू हॉलंड, जॉन डिअर की मॅसी फर्ग्युसन, एवढंच माझ्या तोंडून ऐकायचं असतं. मी नाव सांगतो, पण शेवटी. आधी गाठीचं बोलू.

कारण गठ्ठ्यावरून कंपनी ओळखता येत नाही. जवळजवळ सगळ्यांची गवत दाबायची पेटी 14 बाय 18 इंचांची, सुतळ्या दोन, पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारी फिरती दांडी) मिनिटाला 540 फेऱ्यांचा. प्लंजरच्या, म्हणजे पेटीत गवत ठोकणाऱ्या दट्ट्याच्या, फेऱ्यांत थोडा फरक आहे: जॉन डिअर 348चा प्लंजर मिनिटाला 80 वेळा मारतो, न्यू हॉलंड बीसी5070चा 93, मॅसी फर्ग्युसन 1840चा 100. कागदावर हा आकडा मोठा वाटतो. प्रत्यक्षात गवताची ओळ किती जाड आणि किती सारखी ओढली आहे, यावरच दिवसाचं काम ठरतं. वेड्यावाकड्या ओळीत 100 फेऱ्यांचाही उपयोग नाही.

शेतकरी वैतागतो तो नॉटरपाशी, म्हणजे सुतळीची गाठ मारणाऱ्या भागापाशी. गठ्ठा पूर्ण झाला की सुई सुतळी वर आणते, चकती ती धरून ठेवते, चोचीसारखा बिलहुक फिरून वेढा घेतो, चाकू कापतो आणि वायपरचा हात वेढा ओढून काढतो की गाठ बसते. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात होतं. 1870च्या दशकात जॉन अॅपलबी यांनी धान्याच्या पेंढ्या बांधायला बसवलेली ही युक्ती आजही मूळ रूपात चालू आहे. जर्मनीत क्लास कंपनीनं 1921 साली आपल्या नॉटरचं पेटंट घेतलं, आणि रास्पे नावाचा कारखाना अनेक कंपन्यांना नॉटर पुरवतो. म्हणजे रंग वेगळे असले तरी आतली गाठ बऱ्याचदा एकाच घराण्यातली. 'अमक्याच्या गाठी सुटतात' असं कुणी म्हणालं की मी आधी सुतळीचं टोक बघायला मागतो. टोक पिंजलेलं असेल तर चकतीची पकड फार घट्ट आहे. सुतळी गाठीआधीच निसटली असेल तर ती सैल आहे. चाकू बोथट असेल तर कोणतीही कंपनी वाचवत नाही. सुतळी बदलली, म्हणजे सिसलच्या (घायपाताच्या) सुतळीवरून प्लॅस्टिकवर गेलात, तर पकड पुन्हा लावावी लागते. हे कितीतरी जण विसरतात आणि दोष यंत्राला देतात.

कंपन्यांमधला खरा फरक गवत आत कसं जातं यात आहे. न्यू हॉलंड आणि जॉन डिअरचा बेलर ट्रॅक्टरच्या बाजूला सरकून चालतो आणि गवत पेटीत एका बाजूनं ढकलतो. मॅसी फर्ग्युसनचा, म्हणजे मूळचा हेस्टन कंपनीचा, थेट ट्रॅक्टरमागून चालतो आणि गवत खालून पेटीत भरतो. त्यामुळे गठ्ठ्याच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या भरतात. बाजूनं भरणाऱ्या यंत्रात भरणं नीट लावलेलं नसेल तर गठ्ठा केळासारखा वाकतो आणि रचताना थप्पी कलते. लसूणघासाची पानंही सरळ वाटेनं कमी झडतात, असं माझं मत आहे. पण मागून चालणाऱ्या यंत्रासाठी ट्रॅक्टर ओळ चाकांमध्ये घेऊन तिच्यावरून न्यावा लागतो. ओळ फार उंच असेल तर ती ट्रॅक्टरच्या पोटाखाली घासते आणि गवत पसरतं. अरुंद फाटकांतून आणि रस्त्यानं नेताना मात्र याच्यासारखं सुख नाही, कारण बाजूला काही लटकत नाही.

गवत 20 टक्क्यांहून ओलं असताना बांधलंत तर गठ्ठा तापेल आणि बुरशी धरेल. त्यात कंपनीचा काही दोष नाही.

तर नाव. नवा घ्यायचा आणि लसूणघासच बांधायचा असेल तर मी मॅसी फर्ग्युसनकडे बघेन. साधं गवत, जुना बेलर आणि स्वतः दुरुस्त करायची तयारी असेल तर न्यू हॉलंड. ही कंपनी 1940पासून आपोआप गाठ मारणारे बेलर बनवते आहे, त्यामुळे जुन्या मॉडेलचे भाग आणि ते ओळखणारे हात दोन्ही सापडतात. जॉन डिअर वाईट मुळीच नाही. तुमच्याजवळचा मिस्त्री त्याचाच असेल तर तोच घ्या, माझं ऐकू नका. क्लासच्या मार्कंट बेलरचंही तसंच.

जुना बेलर बघायला गेलात तर रंगावर जाऊ नका. ट्रॅक्टर बंद करून पीटीओची दांडी काढा, नॉटरचा खटका हातानं सोडा आणि फ्लायव्हील (पुढचं जड चाक) त्याच्या फिरायच्या दिशेनं हळूहळू ओढत राहा. सुया वर येताना बाजूला हलतात का ते बघा, बिलहुकवर बोट फिरवून खाचा लागतात का ते बघा, आणि वायपर बिलहुकला घासून जातो की वरून निसटतो ते बघा. प्लंजरचा चाकू आणि पेटीचा चाकू यांच्यामध्ये जाड पुठ्ठा मावत असेल तर भाव पाडून मागा. आणि शिअर बोल्टच्या, म्हणजे ताण वाढला की आधी तुटून यंत्र वाचवणाऱ्या बोल्टच्या, जागी साधा बोल्ट ठोकलेला दिसला तर तसेच परत या.